शब्दांची वही आणि २०११ चा बदल: जीआरईच्या इंग्रजी शब्दपाठांतराची खान्देशातली पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या इंजिनिअरिंगच्या पोरांमध्ये उन्हाळा आला की एक प्रश्न दरवर्षी निघतो: यादी पाठ करायची की नाही? यादी म्हणजे जीआरईच्या, अमेरिकेत एमएससारख्या पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेच्या, इंग्रजी शब्दांची. काहीजण म्हणतात, परीक्षा बदलली, आता घोकून काही हाती लागत नाही. काहीजण मोठ्या भावाची नाहीतर मामाच्या मुलाची जुनी वही माळ्यावरून काढून बसतात. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. या वादाचं मूळ १ ऑगस्ट २०११ या तारखेत आहे. त्या दिवशी परीक्षेतून काय गेलं आणि आपल्याकडच्या मुलांना ते का जड गेलं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

परीक्षा तशी जुनी. १९३६ साली अमेरिकेतल्या चार नावाजलेल्या विद्यापीठांत एक प्रयोग म्हणून ती सुरू झाली आणि १९४० चं दशक संपता संपता तिला शाब्दिक आणि गणिती असे भाग आले. तेव्हा आपल्याकडे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश असे जिल्हे होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवायचं ठरलं होतं. भुसावळला रेल्वेच्या वसाहतीमुळे इंग्रजी निदान कानावर पडायचं. बाकी तालुक्यांत ते पाठ्यपुस्तकात आणि कोर्टकचेरीच्या कागदावर भेटायचं. पुढं पाचवीपासून इंग्रजी आलं आणि २००० सालच्या जूनपासून पहिलीपासून. म्हणजे २००५ ते २०१० या काळात जीआरईला बसलेली मराठी माध्यमाची जवळजवळ सगळी मुलं पाचवीत एबीसीडी गिरवलेली होती.

या परीक्षेला बसणारा मोठा वर्ग इथं तयार झाला तो इंजिनिअरिंग कॉलेजांमुळे. १९८३ मध्ये राज्यानं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. मग बांभोरी, फैजपूर, शिरपूर अशा ठिकाणी कॉलेजं उभी राहिली. १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि पदवीच्या कामासाठी पुण्याकडे बघणं संपलं. सॉफ्टवेअरची लाट आली तेव्हा केळीच्या नाहीतर कापसाच्या पैशावर शिकलेली ही मुलं एमएसचा विचार करू लागली. त्यांचं गणित पक्कं होतं. अडायचं ते शब्दांवर.

मला नीट माहीत असलेला काळ हाच, २००४ ते २०११. तेव्हा शाब्दिक भागात संगणकावर ३० मिनिटांत ३० प्रश्न यायचे. उत्तर दिलं की प्रश्न गेला, मागं फिरता येत नसे. गुण २०० ते ८०० मध्ये. प्रश्न चार तऱ्हांचे: विरुद्धार्थी शब्द, समसंबंध (शब्दांच्या एका जोडीतलं नातं दुसऱ्या जोडीत ओळखायचं), गाळलेल्या जागा आणि उतारे. पहिल्या दोन तऱ्हांना संदर्भ नावाची गोष्टच नव्हती. एक शब्द नाहीतर शब्दांची एक जोडी समोर यायची, खाली पाच पर्याय. शब्द माहीत असेल तर दहा सेकंदांत गुण, नसेल तर अंदाज. त्याआधीच्या कागदावरच्या परीक्षेत ३८ प्रश्नांपैकी ११ विरुद्धार्थी आणि ९ समसंबंध असायचे, म्हणजे निम्म्याहून जास्त.

म्हणून यादी. अमेरिकेत छापलेल्या एका जाडजूड पुस्तकात साडेतीन हजार शब्दांची सूची होती. पुण्याहून कुणीतरी ते आणायचं आणि पुढं त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स फिरायच्या. रोज पन्नास शब्द घेतले तरी सत्तर दिवस. वीज जायची तेव्हाचं लोडशेडिंग, मे महिन्यातला जळगावचा उन्हाळा, गच्चीवर अंथरूण आणि उशाशी बॅटरी, अशात ते सत्तर दिवस काढलेली मुलं मी पाहिली आहेत. मीही त्यांतलाच.

माझ्या वहीबद्दल थोडं सांगतो, कारण अशा वह्या घरोघर सारख्याच होत्या. दोनशे पानी लाँगबुक, पानाचे तीन रकाने: शब्द, उच्चार, अर्थ. उच्चार देवनागरीत. ‘एपिटमी’चा उच्चार मी वर्षभर ‘एपिटोम’ करत होतो आणि ‘हायपर्बली’चा ‘हायपरबोल’. परीक्षेत कुणी तोंडी विचारत नव्हतं, म्हणून खपून गेलं. अर्थाच्या रकान्यात जिथं पुस्तकी मराठी शब्द डोक्यात बसत नव्हता तिथं घरची बोली आली. ‘उबिक्विटस’समोर ‘सर्वव्यापी’ खोडून ‘बठ्ठा गावमा’, म्हणजे सगळ्या गावात, असं लिहिलेलं आहे. यावल-रावेरकडच्या मित्राच्या वहीत लेवा बोलीतले शब्द होते. शब्द इंग्रजी, अर्थ पुस्तकी मराठीत, आणि तो लक्षात राहायचा तो अहिराणीत. आपल्या मुलाला प्रत्येक शब्दामागं ही एक पायरी जास्त चढावी लागत होती आणि कुठल्याही गुणपत्रिकेत तिची नोंद नाही.

दहावीला मार्कांसाठी घेतलेलं संस्कृत इथं अवचित कामी यायचं. लॅटिन आणि ग्रीक धातू संस्कृतचे नात्यातले. ‘मृ’ माहीत असला की ‘मोरिबंड’ म्हणजे मरणपंथाला लागलेला, हे लगेच बसतं. ‘ज्ञा’वरून ‘कॉग्निझंट’ आणि ‘ॲग्नॉस्टिक’, ‘सद्’ म्हणजे बसणं त्यावरून ‘सेडेंटरी’, ‘पद’वरून ‘पेडेस्ट्रियन’. ‘ॲनार्की’ची घडण तर थेट ‘अराजक’सारखी, पुढं नकाराचं अक्षर आणि मागं सत्तेचा शब्द. क्लासच्या नोट्समध्ये मात्र ही मुळं लॅटिन म्हणूनच छापलेली असायची. ती आपल्या शब्दांना जोडून दाखवणारं कुणी नव्हतं, हे मला आजही खटकतं.

आता ज्या शब्दानं सगळा घोळ घातला त्याकडे येतो: ‘विरुद्धार्थी’. शाळेत आपण विरुद्धार्थी शब्द जोड्यांनी शिकतो. उदय-अस्त, सुकाळ-दुष्काळ. जोडी ठरलेली, उत्तर एकच. जीआरईतला विरुद्धार्थी तसा नव्हता. दिलेल्या पाचांत सगळ्यात जास्त उलट जाणारा पर्याय शोधायचा असायचा आणि तो उलटा कुठल्या अर्थाला, हे आधी ठरवावं लागायचं. ‘सँक्शन’ घ्या. सोसायटीचं कर्ज सँक्शन झालं, विहीर सँक्शन झाली, हे खान्देशात निरक्षर माणूसही बोलतो. सँक्शन म्हणजे मंजुरी. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ निर्बंध, शिक्षा. एकच शब्द परवानगी देतो आणि तोच बंदीही घालतो. मंजुरीवर विसंबलेला मुलगा निर्बंधाच्या ठिकाणी अडायचा, कारण त्याला शब्द येतो असं त्याला वाटत असायचं.

‘हज्बंड’ तसाच. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ जपून, काटकसरीनं वापरणं, म्हणून त्याच्या उलट ‘स्क्वाँडर’, उधळणं. पहिल्या सराव परीक्षेत हा शब्द आला तेव्हा मी ‘बायको’ला जवळचं काही पर्यायांत दिसतं का ते शोधत बसलो. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्याच्या पाटीवर ‘ॲनिमल हज्बंडरी’ लहानपणापासून वाचत होतो, पण तो हज्बंड आणि हा हज्बंड एकच हे कधी सुचलं नव्हतं. पुढं एका सीनिअरनं सांगितलं: पाचही पर्याय क्रियापदं असतील तर वरचा शब्दही क्रियापद समजायचा. ‘फ्लॅग’ म्हणजे थकून ढिलं पडणं, ‘कॅथलिक’ म्हणजे अनेक विषयांत रस असलेला, ‘क्वालिफाइड’ कौतुक म्हणजे हातचं राखून केलेलं कौतुक. अशा ओळखीच्या चेहऱ्याच्या शब्दांसाठी वहीच्या शेवटी वेगळी दहा पानं होती. मला विचाराल तर साडेतीन हजारांपेक्षा ती दहा पानं महत्त्वाची.

ही परीक्षा नुसती पोपटपंची होती असं जे आज सर्रास म्हटलं जातं ते म्हणून मला पटत नाही. पाठांतर होतं, पण पाठ केलेल्याला वळवायची अक्कलही लागत होती.

बदल एका रात्रीत आला नाही. परीक्षा संगणकावर गेल्यावर तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागले आणि मुलं ते आठवून एकमेकांना देऊ लागली. २००२ मध्ये चीन, तैवान आणि कोरियात आठवून लिहिलेले प्रश्न इंटरनेटवर उघड सापडले. तिथं संगणकावरची परीक्षा थांबवून पुन्हा कागदावर आणावी लागली. मग मोठ्या फेरबदलाची घोषणा झाली आणि २००७ मध्ये तो ऐनवेळी रद्दही झाला. त्या वर्षी तयारी करणाऱ्यांचे हाल झाले. जुनी यादी सोडावी की धरावी, कुणी सांगू शकत नव्हतं. शेवटी २०११ च्या ऑगस्टमध्ये विरुद्धार्थी आणि समसंबंध कायमचे गेले आणि गुण १३० ते १७० च्या पट्टीवर आले. अमेरिकेत कॉलेजच्या प्रवेशासाठी द्यायच्या एसएटी परीक्षेतून विरुद्धार्थी १९९४ मध्ये आणि समसंबंध २००५ मध्ये आधीच गेले होते, त्यामुळे तिकडे याचं फारसं नवल वाटलं नाही. कारण सांगितलं गेलं ते असं: सुटा शब्द येतो का यापेक्षा तो वाक्यात कसा चालतो हे उच्च शिक्षणात लागतं. कारण खोटं नाही. संशोधनाचा लेख वाचताना कुणी विरुद्धार्थी विचारत नाही.

पण हा निर्णय आपल्याकडे ‘सुटका’ म्हणून साजरा झाला, आणि तिथं माझा मतभेद आहे. जे दोन प्रकार काढले ते नेमके कुठले होते ते पाहा. विरुद्धार्थी शब्द आपल्या मुलानं तिसरी-चौथीपासून व्याकरणात केलेले. समसंबंध तर चौथीच्या आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्तेच्या पेपरात असायचेच. शिंपी-सुई तर सुतार-करवत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या, शिष्यवृत्तीला बसलेल्या मुलाला हे दोन साचे नऊ वर्षांचा असल्यापासून ठाऊक. भाषा परकी, पण प्रश्नाची चाल ओळखीची. आणि शब्द मेहनतीनं मिळत होते. ज्याच्या घरी इंग्रजी पेपर येत नाही, ज्याच्या गावात इंग्रजी पुस्तकांचं दुकान नाही, त्यालाही वही आणि सत्तर रात्री एवढ्या भांडवलावर मुंबईच्या कॉन्व्हेंटच्या मुलाच्या जवळ पोचता येत होतं.

त्यांच्या जागी जे आलं त्याला वाचनाची सवय लागते. एका परिच्छेदात दोन-तीन गाळलेल्या जागा, प्रत्येक जागेला वेगळे पर्याय, आणि एक चुकली तरी सगळ्या प्रश्नाचा गुण गेला. दुसऱ्या प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे की वाक्याचा अर्थ दोन्हींनी सारखाच राहील. इथं शब्दाइतकाच ‘ऑल्बीइट’, ‘नॉट विदाउट’, ‘फार फ्रॉम’ अशा अर्थ फिरवणाऱ्या वळणांवर भर असतो. लेखक कौतुक करतोय की टोमणा मारतोय, हे ओळखावं लागतं. ती समज वर्षानुवर्षं इंग्रजी वाचल्यानं येते, सत्तर दिवसांत येत नाही. यादी मात्र कुठं गेली नाही, कारण पर्यायांतले शब्द तेच राहिले: लकॉनिक, एफेमरल, ऑब्सीक्विअस. म्हणजे आधी पाठांतर पुरत होतं, आता पाठांतर हवंच आणि वर वाचनही हवं. सुटका कुणाची झाली? ज्याच्याकडे वाचन आधीच होतं त्याची.

नंतरच्या काही गोष्टींनी ही दरी थोडी भरली. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि शहाद्याच्या मुलालाही परदेशातली मासिकं फुकटात वाचता येऊ लागली. शब्दांची कार्डं फोनवर आली, उच्चारही ऐकू येऊ लागला. माझ्यासारखं ‘हायपरबोल’ आता कुणी म्हणत नसेल. २०२० मध्ये घरबसल्या परीक्षा सुरू झाली. तोपर्यंत महाराष्ट्र एक्सप्रेसनं रात्रभर बसून पुण्याला जायचं आणि तसंच केंद्रावर पोचायचं, हा परीक्षेचाच एक भाग होता. घरून देताना मात्र वीज आणि नेट दोन्ही भरवशाचं लागतं, त्यामुळे बरीच मुलं अजूनही शहरातल्या केंद्रावर जाणंच पसंत करतात. त्याच सुमारास अमेरिकेतल्या अनेक विभागांनी जीआरई ऐच्छिक केली. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा १ तास ५८ मिनिटांवर आली आणि शाब्दिक भागात ४१ मिनिटांत २७ प्रश्न उरले. प्रश्न कमी झाल्यानं एकेका चुकीचं वजन वाढलं.

माझी वही माझ्यानंतर दोघांनी वापरली. निळ्या शाईवर हिरवी, हिरवीवर पेन्सिल. सध्या ती अमळनेरच्या एका भाचीकडे आहे. तिनं उच्चाराचा रकाना पांढऱ्या पट्टीनं झाकून टाकला आहे आणि तिथं प्रत्येक शब्दासमोर तो जिथं वाचला ते वाक्य लिहिते. परवा फोनवर बोलली तेव्हा अकराशे शब्द झाले होते. ‘सँक्शन’समोर दोन वाक्यं आहेत, एक पीककर्जाच्या बातमीतलं, दुसरं तेलाच्या निर्यातबंदीच्या.