अंगोला की मोझांबिक? यादवी संपली कशी, तिथेच फरक पडला

दोन्ही देशांवर पोर्तुगालची सत्ता होती आणि दोन्ही १९७५ साली स्वतंत्र झाले. दोन्हीकडे मार्क्सवादी पक्ष सत्तेवर आले, आणि दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारनं त्यांच्या विरोधातल्या बंडखोरांना पोसलं. त्यामुळे गल्लत होतेच. सत्ताधारी एमपीएलए आणि बंडखोर युनिटा अंगोलाचे, सत्ताधारी फ्रेलिमो आणि बंडखोर रेनामो मोझांबिकचे, एवढं ध्यानात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो. पण खरा फरक यादवी कशी मिटवली त्यात आहे.

अंगोलात मे १९९१ मध्ये करार झाला आणि सप्टेंबर १९९२ मध्ये मतदान. मधल्या काळात दोन्ही फौजा मोडून एकच सैन्य उभारायचं होतं. ते काम अर्धवट राहिलं, तरी मतदान उरकलं. एवढ्या अवाढव्य देशात संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक जेमतेम साडेतीनशे! अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत एमपीएलएच्या दुश सांतुश यांना ४९.५७ टक्के मतं पडली, युनिटाच्या साविंबींना ४०.०७. जिंकायला निम्म्याहून जास्त मतं हवी होती, म्हणून निम्म्या टक्क्यापेक्षाही कमी मतांसाठी दुसरी फेरी लागणार होती. ती कधीच झाली नाही. साविंबींनी निकाल धुडकावला, राजधानी लुआंडात युनिटाच्या माणसांचं शिरकाण झालं आणि युद्ध पुन्हा पेटलं. सरकारकडे तेलाचा पैसा होता, बंडखोरांकडे हिऱ्यांचा, त्यामुळे दोघंही थकेनात. फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबी मारले गेले, तेव्हा कुठे एप्रिलमध्ये बंदुका थांबल्या.

मोझांबिकचा करार रोममध्ये ४ ऑक्टोबर १९९२ ला झाला, म्हणजे अंगोलातल्या मतदानानंतर अवघ्या चार-पाच दिवसांत. तिथली वाताहत पाहून संयुक्त राष्ट्रांनी इथे सात हजारांच्या आसपास माणसं पाठवली, वर्षभरात व्हायची निवडणूक ऑक्टोबर १९९४ पर्यंत लांबवली आणि आधी सैनिकांना घरी पाठवलं. रेनामोला राजकीय पक्ष म्हणून उभं राहता यावं यासाठी वेगळा निधीही दिला. मला हा शहाणपणाचाच खर्च वाटतो. रेनामोचे धलाकामा हरले, कुरकुरले, पण त्यांचे ११२ खासदार २५० जणांच्या संसदेत जाऊन बसले.

तरी मोझांबिकचं सगळं सुरळीत झालं असं मानू नये. रेनामोला जिथे जास्त मतं पडली त्या प्रांतांतही राज्यपाल राष्ट्राध्यक्षच नेमत, म्हणजे ते फ्रेलिमोचेच असत. रेनामोनंही काही हत्यारबंद माणसं राखून ठेवली होती. ही खदखद २०१३ मध्ये गोळीबारापर्यंत गेली आणि २०१९ मध्ये आणखी एक करार करावा लागला.

अंगोलात तर जेत्यानंच नियम लिहिले: २०१० च्या राज्यघटनेनं राष्ट्राध्यक्षपदाची वेगळी निवडणूकच काढून टाकली. तरीही रणांगणात चिरडलेल्या युनिटानं २०२२ मध्ये ४४ टक्के मतं घेतली आणि लुआंडा जिंकली. उलट करारानं संसदेत आलेला रेनामो २०२४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घसरला. फ्रेलिमोवर चिडलेल्या तरुणांनी आपला रोष राष्ट्राध्यक्षपदाचे विरोधी उमेदवार व्हेनान्सियो मोंडलान यांच्या मागे उभा केला.