धर्मश्रद्धा व विज्ञान : समन्वयविचार

धर्मश्रद्धा आणि वैज्ञानिक सिद्धांत एकाच वेळी तर्कसंगत रीतीने स्वीकारता येतात, असे मानणारी विचारपरंपरा. सृष्टीची उत्पत्ती, सजीवांची उत्क्रांती आणि निसर्गनियमांच्या चौकटीत ईश्वरी कृतीचे स्थान हे तिचे प्रमुख विषय होत.

तिचा उगम निश्चित सांगणे कठीण आहे. बायबलमधील सृष्टिनिर्मितीचे सहा दिवस नेहमीचे दिवस असतीलच असे नाही, असे प्रतिपादन ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या प्रारंभी केले. सुसूत्र मांडणी मात्र मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्द (११२६–९८) यांच्या ‘फस्ल अल्-मकाल’ (सु. ११७९) या ग्रंथात आढळते. सत्य सत्याला बाधक होत नाही. म्हणून तर्काने सिद्ध झालेला निष्कर्ष आणि धर्मग्रंथातील वचन यांत विरोध दिसल्यास वचनाचा वाच्यार्थ सोडून लक्ष्यार्थ घ्यावा, हे त्यांचे सूत्र. असा अर्थ लावण्याचा अधिकार ते प्रमाणशास्त्र जाणणाऱ्यांनाच देतात.

तत्त्वज्ञानात खरे ठरणारे धर्मात खोटे असू शकते, या ‘द्विविध सत्या’च्या मताचे जनकत्व पूर्वी इब्न रुश्द यांच्याकडे दिले जाई. पॅरिसचे बिशप एत्येन तांप्ये यांनी १२७७ मध्ये २१९ विधाने निषिद्ध ठरविली. त्या आदेशाच्या प्रास्ताविकात असे द्विविध सत्य मानल्याचा आरोप येतो; त्याचा रोख पॅरिस विद्यापीठातील सीझे द ब्राबाँ आदी अध्यापकांवर असावा. परंतु इब्न रुश्द यांचे सूत्र याच्या नेमके उलट आहे आणि सीझे यांच्या उपलब्ध लेखनातही हे मत उघडपणे मांडलेले नाही. तेव्हा ते विरोधकांनीच त्यांच्या माथी मारले असावे, हा अलीकडील अभ्यासकांचा निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो.

बायबलमधील वचनांचा अर्थ सिद्ध झालेल्या वैज्ञानिक सत्याशी विसंगत लावू नये, हे सांगताना गॅलिलिओ यांनी १६१५ च्या सुप्रसिद्ध पत्रात ऑगस्टीन यांचाच आधार घेतला. डार्विन यांचे समर्थक, वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी नैसर्गिक निवड ईश्वरश्रद्धेशी विसंगत नसल्याचे मांडले.

विज्ञानातील अनुत्तरित प्रश्नांच्या जागी ईश्वराची योजना करणे हा समन्वयाचा सर्वांत कच्चा प्रकार होय. ग्रहगतींतील साचत जाणारी अनियमितता दूर होण्यास ईश्वरी हस्तक्षेप लागेल, असे न्यूटन यांनी सूचित केले होते; गुरू व शनी यांच्या गतींतील अनियमिततेचा उलगडा पुढे लाप्लास यांनी गुरुत्वाकर्षणानेच केला. या दृष्टीने झॉर्झ लमेत्र यांची भूमिका विशेष मोलाची आहे. धर्मगुरू असलेल्या या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा आणि १९३१ मध्ये आद्य अणूचा, म्हणजे विश्वाचा आरंभ एकाच मूळ अणूपासून झाल्याचा, सिद्धांत मांडला. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये आधुनिक विश्वोत्पत्तिशास्त्रात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा ते लमेत्र यांना रुचले नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांपासून अलिप्त असल्याचे त्यांचे आग्रहाचे म्हणणे होते. बदलत्या सिद्धांतावर श्रद्धेची भिस्त ठेवली, तर त्याच्याबरोबर तीही डळमळते. लमेत्र यांच्या संयमाने हा धोका टळतो.

पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९९७ मध्ये वस्तुस्थिती हे विज्ञानाचे आणि मूल्ये हे धर्माचे क्षेत्र, अशी विभागणी सुचविली. पुनरुत्थान, पुनर्जन्म यांसारख्या धारणा वस्तुस्थितीविषयीच असल्याने ती अपुरी पडते, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप आहे.