"पिशवीच काढून टाका ना!" : लीप करून घेण्याआधी वाचा

गर्भाशयाच्या तोंडाच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर सीआयएन 2 किंवा 3 (कॅन्सरच्या आधीच्या पायरीचा पेशींतला बदल) लिहिलेलं दिसलं, की पेशंटआधी सोबतची मंडळीच म्हणतात, "कटकट नको, पिशवीच काढून टाका." धास्ती समजते. पण हा कॅन्सर नव्हे. बदल गर्भाशयाच्या तोंडावरच्या पातळ आवरणापुरता असतो. (सीआयएन 1 बहुतेक वेळा आपोआप जातो, त्यात आम्ही नुसतं लक्ष ठेवतो.)

लीप म्हणजे सीआयएन 2-3 वरचा छोटा उपचार. त्यात गर्भाशयाच्या तोंडाची जागा बधिर करून, विजेवर तापलेल्या बारीक तारेच्या फाशाने तेवढाच भाग काढतो. खोली बहुधा 7 ते 10 मिलिमीटर. "एवढंसंच?" हो, मुद्दामच. जितकं खोल कापावं, तितकी पुढच्या गरोदरपणात मुदतीआधी बाळंत होण्याची शक्यता वाढते. शिवाय राहिलेलं पुन्हा काढता येतं, काढलेलं परत बसवता येत नाही. बदल आतल्या नळीत शिरलेला असेल किंवा ग्रंथींच्या पेशींत असेल, तर मात्र शंकूच्या आकाराचा मोठा तुकडा काढावा लागतो. तिथे आम्ही हात आखडत नाही.

गोठवून किंवा तापवूनही हा भाग नष्ट करता येतो. मात्र मग तपासायला तुकडा उरत नाही. लीपचा तुकडा लॅबला जातो, कडा स्वच्छ आहेत का, म्हणजे खराब भाग पूर्ण निघाला का, ते कळतं.

आता आमची खरी डोकेदुखी. आदल्या रात्री "सगळं साफ असावं" म्हणून योनीत गोळी किंवा क्रीम घालून येणं! आम्ही कॉल्पोस्कोपच्या भिंगातून बघतच तार फिरवतो, म्हणून तर कमी कापून भागतं. आधी सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतो, त्याने खराब जागा पांढरी दिसते. वर क्रीमचा थर असला की काही धड दिसत नाही, आणि अंदाजाने आम्ही कापत नाही. तुमची खेप फुकट, आमचं टेबल रिकामं. तेव्हा आधीचे दोन दिवस गोळी, क्रीम, आतून धुणं, संबंध, सगळं बंद. डॉक्टरांनीच औषध दिलं असेल तर फोन करून विचारा. पाळी आली तरी फोन करा, तारीख बदलून देऊ.

बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. दोन-तीन आठवडे तपकिरी स्राव जातो. चार आठवडे संबंध आणि टॅम्पॉन नको. तासाभरात पॅड भिजलं किंवा ताप आला, तर लगेच कळवा. सहा महिन्यांनी एचपीव्ही (हे बदल घडवणारा विषाणू) तपासणी आहे. तिची तारीख आजच फाईलवर लिहून घ्या.