शांताराम आठवले
शांताराम आठवले (१९१०–१९७५) : मराठी चित्रपटगीतकार, दिग्दर्शक व लेखक. प्रभात फिल्म कंपनीच्या पुण्यातील ऐन भरभराटीच्या काळातले प्रमुख गीतकार. कादंबरीकार ना. ह. आपटे यांच्या सहवासात त्यांचे लेखन घडले आणि आपट्यांच्याच कादंबरीवर बेतलेल्या ‘अमृतमंथन’ (१९३४) या बोलपटाची गाणी लिहिण्याच्या निमित्ताने ते प्रभातमध्ये आले. केशवराव भोळे यांनीही याच चित्रपटापासून प्रभातचे संगीत हाती घेतले.

तोवर बोलपटातली पदे बरीचशी नाट्यपदांच्या वळणाने जात. नट गाऊ लागला की कथा खोळंबायची. पार्श्वगायन अजून रुळलेले नव्हते, त्यामुळे पद लिहायचे ते पडद्यावरच्या नटाच्याच गळ्याला झेपेल असे. आठवल्यांनी शब्द सोपे ठेवले आणि पात्राच्या तोंडी शोभेल तेवढेच लिहिले.

‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये याची खरी कसोटी लागली. चित्रपटात तुकोबांचे मूळ अभंग आहेतच. त्यांच्या जोडीला तुकोबांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनीसांच्या तोंडी ‘आधी बीज एकले’ हे आठवल्यांचे पद आले. एक बीज, त्याला फुटलेला अंकुर, वाढलेले रोप, त्यातून कोटी कोटी झाडे आणि शेवटी पुन्हा एकच ब्रह्म, असा अद्वैताचा विचार कुणब्याला रोज दिसणाऱ्या गोष्टींतून त्यांनी मांडला. पदात कुठेही शहरी कवीची सफाई डोकावत नाही. परिणामी अनेकांनी तो तुकोबांचाच अभंग मानला, आजही मानतात. गाथा चाळली तर मात्र तो सापडत नाही. एका अर्थी ही पावतीच, फक्त श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत राहिले.

‘कुंकू’ (१९३७) मधील ‘मन सुद्ध तुझं’ हे पद मास्टर परशुराम यांनी गायले. इथे ‘शुद्ध’चे ‘सुद्ध’, ‘आहे’चे ‘हाये’, ‘कुणाची’चे ‘कुनाची’ होते. ही बोली गंमत म्हणून आलेली नाही. नको असलेल्या लग्नात अडकलेल्या नायिकेच्या कथेत धीराचे शब्द रस्त्यावरच्या पोरासोरांच्या भाषेतच खरे वाटतात. ‘गोपालकृष्ण’, ‘माझा मुलगा’ (दोन्ही १९३८) यांची गाणीही त्यांचीच. ‘शेजारी’ (१९४१) मधील ‘लख लख चंदेरी’ हे समूहगीत मास्टर कृष्णरावांच्या चालीमुळे घरोघर पोहोचले, तर ‘रामशास्त्री’ (१९४४) मधील ‘दोन घडीचा डाव’ हे बालजोडीच्या तोंडचे गाणे त्यातल्या थोराड तत्त्वज्ञानासकट लोकांनी पाठ केले.

‘भाग्यरेखा’ (१९४८) पासून ते दिग्दर्शनाकडे वळले. ‘वहिनींच्या बांगड्या’ (१९५३) आणि ‘शेवग्याच्या शेंगा’ (१९५५) हे य. गो. जोशी यांच्या कथांवरील कौटुंबिक चित्रपट विशेष गाजले. प्रभातमधील दिवसांवर त्यांनी ‘प्रभातकाल’ हे पुस्तक लिहिले. त्या स्टुडिओत प्रत्यक्ष वावरलेल्या माणसाने लिहिलेले असल्याने अभ्यासकांना त्याचा उपयोग होतो.