जाड ग्रिपमुळे स्लाइस होतो म्हणे!

गोल्फवाल्यांमधे एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, ग्रिप (क्लबच्या दांड्यावरची रबरी मूठ) जाड असली की बॉल स्लाइस होणार, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवीकडे वळणार, आणि बारीक असली की हूक, म्हणजे डावीकडे. कारण काय तर जाड ग्रिपवर मनगटं नीट वळत नाहीत. ऐकायला पटतं, पण बॉल कुठे जाणार हे ठरतं ते फटका बसताना क्लबचा फेस (बॉलला लागणारी सपाट बाजू) कुठे बघतोय आणि क्लब कुठल्या दिशेने येतोय त्यावरून, आणि तीच जाड ग्रिप एकाला अडखळवते तर दुसरा तिच्यामुळे हात सैल सोडतो नि सरळ मारायला लागतो. परिणाम होतच नाही असं नाही, पण तो सगळ्यांना सारखा नसतो.

आणि फरक असतो तरी केवढा? स्टँडर्ड आणि मिडसाइजमधे साधारण १/१६ इंच, खाली टेपचा एक जादा थर दिला तर जेमतेम १/६४. जाड ग्रिप बहुतेकदा जडही असते हे मात्र कुणी सांगत नाही, ४-५ ग्रॅम वाढले की स्विंगवेट (फिरवताना डोक्याकडे किती वजन जाणवतं त्याचं माप) एक पॉइंट उतरतं, क्लबचं डोकं हलकं वाटायला लागतं.

त्यापेक्षा ग्रिप गुळगुळीत, कडक झालीये का ते बघा. चेंबूरच्या दमट हवेत घामेजल्या हातांना कॉर्डवाली, म्हणजे रबरात सुती धागे असलेली खरबरीत ग्रिप बरी (तळवे सोलवटतात जरा, ते सोडा). बदलायला जुनी ग्रिप कापायचं आकड्यासारखं पातं (हूक ब्लेड), दोन्हीकडून चिकटणारा टेप आणि ग्रिप टेपवरून सरकवायला सॉल्व्हंट बास, ग्राफाइटच्या शाफ्टवर (दांड्यावर) ब्लेड जपून चालवा, आणि नवी ग्रिप चढवली की लगेच सरळ करून घ्या, सॉल्व्हंट उडालं की ती हलत नाही.