पत्र्यातला करडा आणि पुसण्यातला करडा

स्पॅनिश चित्रकार गोयाच्या 'युद्धाचे अनर्थ' या छापचित्रांच्या मालिकेत रेषांमागे जो करडा अंधार दिसतो, तो सगळाच गोयाचा नाही. काही ज्या तांब्याच्या पत्र्यावरून चित्र छापतात त्या पत्र्यात आहे, काही छापणाऱ्याने शाई पुसताना मागे ठेवलेला. पहिला ॲक्वाटिंट, दुसरा प्लेट टोन.

ॲक्वाटिंटसाठी तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून खालून आच देतात. पूड पारदर्शक दिसू लागली की आच काढायची. मग कणांमधल्या फटींत ॲसिड तांबं खातं आणि त्या खड्ड्यांत शाई टिकते. आच कमी पडली तर कण ॲसिडात सुटतात आणि तिथे शाई फक्त कडेला टिकते, मधला भाग फिका छापतो. जास्त झाली तर राळेचा सलग थर होतो आणि ॲसिड आत शिरतच नाही. पांढऱ्या जागा वॉर्निशने झाकून पत्रा ॲसिडात घालायचा, मग आणखी थोडं झाकून पुन्हा घालायचा. जर्मन चित्रकार ऑटो डिक्सच्या 1924 मधल्या 'युद्ध' या छापचित्रांच्या संचात विषारी वायूतून चालून येणाऱ्या सैनिकांचे मुखवटे अंगावर येतात, ते भोवतीच्या दाणेदार काळोखामुळे.

प्लेट टोनची छटा पत्र्यावर कोरलेली नसते. शाई जाळीदार कापडाने पुसताना पातळ थर मुद्दाम ठेवतात, म्हणून प्रत्येक प्रत वेगळी निघते. भिंगाखाली ॲक्वाटिंटमध्ये शाईच्या जाळीत पांढरे ठिपके दिसतात. प्लेट टोन गुळगुळीत असतो, क्वचित कापडाच्या फटकाऱ्यांसकट.

गोयापाशी मात्र भिंगही फसू शकतं. नेपोलियनच्या फौजांविरुद्धच्या त्या युद्धकाळात साहित्याची टंचाई इतकी होती, की त्याने आपल्याच निसर्गचित्रांचे दोन पत्रे कापून चार केले. अनेक ठिकाणी राळ न वापरता त्याने ॲसिड थेट ब्रशने लावलं. याला लाव्ही म्हणतात. त्यात दाणा जवळजवळ नसतोच. अशा वेळी दोन प्रती शेजारी ठेवाव्यात: छटेचा आकार दोन्हींत तोच असेल, तर ती पत्र्यातली. 26 व्या चित्रात, 'बघवत नाही'मध्ये, उजव्या कडेने फक्त संगिनी आत आल्यात. तिथला उजेड लाव्हीची छटा घासून, फिकी करून मिळवलेला आहे.

गोया 1828 मध्ये गेला. माद्रिदच्या सान फेर्नांदो कला अकादमीने 80 पत्रे छापले ते 1863 मध्ये, आणि शाई सढळ हाताने मागे ठेवली. त्यामुळे प्रेतांवर धुकं उतरल्यासारखं वाटतं, दृश्य जरा हळवं होतं. गोयाने मित्र सेआन बेर्मुदेसला दिलेला आधीच्या प्रतींचा संच ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात पत्रे स्वच्छ पुसलेले आहेत, कागद उघडा पडतो आणि रेषेला लपायला जागा राहत नाही.