बैठकीत भांडण मिटतं, विश्वास नाही

नवरा-बायको वेगळे राहायला लागले की सातारा-कोरेगाव भागात वकिलाच्या आधी बैठक बसते. दोन्हीकडची चार-चार माणसं, मुलीचा मामा, मुलाचे चुलते, गावातलं एखादं वजनदार माणूस. आवाज चढतात, उतरतात, चहा होतो. शेवटी कुणीतरी म्हणतं, "झालं गेलं गंगेला मिळालं," आणि मुलीची बॅग गाडीत ठेवली जाते. घरची माणसं सुटकेचा श्वास टाकतात की पोरांचं परत जुळलं. माझ्या मते इथेच फसगत होते. त्या दिवशी तडजोड झालेली असते. मोडलेला विश्वास परत उभा राहणं हे वेगळं काम आहे आणि ते तेव्हा सुरूसुद्धा झालेलं नसतं.

तडजोड दोन घरांत होते. तिच्यात अटी असतात, साक्षीदार असतात, क्वचित स्टॅम्पपेपरही असतो. एका दुपारी ती पुरी होऊ शकते. विश्वास मात्र त्या दोघांनाच बांधायचा असतो, आणि त्याला किती दिवस लागतील हे ज्याचा विश्वास मोडला तो ठरवतो, ज्याने मोडला तो नाही.

ओळखीतलं एक जोडपं सांगते. तो शिरवळला कंपनीत, ती साताऱ्यात एका दवाखान्यात रिसेप्शनला. शेअरच्या नादात त्याच्यावर कर्ज झालं आणि त्याने तिच्या पाटल्या आणि गंठण पतसंस्थेत गहाण टाकलं. भाचीच्या लग्नासाठी तिने गंठण मागितलं तेव्हा म्हणाला, "लॉकरला आहे, आणतो." आठवडाभर आणतो-आणतो चाललं, मग गहाणाची पावती त्याच्या पँटच्या खिशात सापडली. ती कोरेगावला माहेरी निघून गेली.

बैठक बसली. सहा महिन्यांत सोनं सोडवायचं, पगार घरात सांगायचा, सासूबाईंनी टोमणे मारायचे नाहीत, असं ठरलं. त्याने शब्द पाळला, मुदतीआधी सोनं सोडवून आणलं. तरी ती पुन्हा माहेरी गेली. नातेवाईक चिडले. "आता काय राहिलं? सोनं तर आलं ना?"

सोनं आलं होतं, पण तिच्या डोक्यातून ती संध्याकाळ जात नव्हती, त्याने नजर न चुकवता "लॉकरला आहे" म्हटलं ती. आणि बैठकीनंतर तो विषय काढायचीच चोरी झाली. रात्री फोन वाजला आणि तिने "कुणाचा?" विचारलं, की तो म्हणायचा, "मिटलंय ना सगळं? मग परत परत काय?" तडजोडीने विषय बंद होतो, तिचं कामच ते. विश्वास बसायचा असेल तर तोच विषय हवा तेव्हा, हवा तितक्यांदा उघडता यायला हवा. ह्या दोन्ही गोष्टी एकच समजलं, की विचारणारी 'उकरून काढणारी' ठरते आणि ज्याने फसवलं तो बिचारा.

दुसऱ्या वेळी बैठक झाली नाही. तो रविवारी साताऱ्याला यायचा, ती कोरेगावहून एसटीने यायची, आणि दोघं साताऱ्याजवळच्या 'चार भिंती' ह्या टेकडीवर जाऊन बसायची. तिने तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले. केव्हा ठरवलं, सांगावंसं वाटलं नाही का, आणखी काय लपवलंय. तो दर वेळी सांगत राहिला. एका रविवारी तिने न विचारताच त्याने सांगितलं, की कंपनीतल्या एका मित्राचेही पैसे अजून द्यायचे आहेत. हे कुणालाच माहीत नव्हतं, कधी कळलंही नसतं. ती इतकी भडकली की पुढचे दोन रविवार आलीच नाही. पण नंतर तिनेच मला सांगितलं, "ताई, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हा आता खोटं बोलणार नाही." विचारल्यावर दिलेला हिशोब अट पाळल्यासारखा असतो. न विचारता, स्वतःचं नुकसान करून सांगितलेल्या गोष्टीने मात्र मन हलतं.

आणखी एक झालं, ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांचं लग्न कांदेपोह्यांतून ठरलेलं. आधी भेटीगाठी नव्हत्याच, थेट संसार. चार भिंतीवरून खाली शहरातले दिवे बघत गप्पा मारणं त्यांच्या वाट्याला लग्नानंतर इतक्या वर्षांनी आलं. सासूबाई विचारायच्या, "कधी येतेस?" ती सांगायची, "अजून ठरवलं नाही." आज ती दोघं साताऱ्यातल्या शाहूपुरीत भाड्याच्या घरात राहतात. दागिने तिच्या एकटीच्या नावच्या लॉकरमध्ये आहेत आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

कायदाही तडजोडीपर्यंतच नेऊ शकतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ खाली 'नांदायला येण्याचा' दावा लावता येतो. हुकूम झाला तरी कोर्ट कुणाला हाताला धरून घरी आणून सोडत नाही. फार तर मालमत्तेवर जप्ती येते. वर्षभरात दोघं एकत्र राहिली नाहीत, तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. समेटाचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कर्तव्यच आहे आणि तिथल्या समुपदेशनाचा, मध्यस्थीचा उपयोगही होतो, पण बोलायला बसवण्यापुरताच. सोन्याबद्दल मात्र कायदा स्पष्ट आहे. स्त्रीधनावर हक्क बायकोचाच. अडचणीत नवऱ्याने वापरलं तरी ते परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये केरळमधल्या एका खटल्यात म्हटलं आणि पत्नीला २५ लाख रुपये द्यायला लावले. म्हणजे सोनं परत देणं हा काही नवऱ्याचा मोठेपणा नव्हे.

मारहाण असेल तर ह्यातलं काहीच लागू नाही. तिथे आधी जीव सांभाळायचा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे. 'एक संधी दे' म्हणून मुलीला त्याच घरात परत धाडणाऱ्या बैठकीला मी तडजोडही म्हणणार नाही.

आणि ज्यांचे कागद पुढे गेलेत त्यांच्यासाठी थोडं. सहमतीच्या घटस्फोटात अर्ज दिल्यावर साधारण सहा महिने थांबावं लागतं. २०१७ पासून ठरावीक परिस्थितीत कोर्ट हा काळ माफ करू शकतं. हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे मन बदललं तर लाजायचं कारण नाही. हुकूम झाल्यावर परत एकत्र यायचं, तर एकमेकांशी पुन्हा रीतसर लग्न करावं लागतं. गावाकडे नोटरीसमोर 'फारकत' लिहून घेतात, तिचं वेगळं आहे. त्यांच्या समाजात तशी रूढी आहे हे सिद्ध होत नसेल, तर नुसत्या त्या कागदाने हिंदू विवाह मोडत नाही. तशी दोघं कायद्याने अजून नवरा-बायकोच असतात.